करडईच्या तेलावरची येळवस

करडईचं तेल तापल्याचा वास आला की लोकांना भूक लागते. मला फटफटी ऐकू येते. बायको म्हणते, तुमच्या डोक्यात काही तरी ढिलं हाय. असेल. पण आज पहाटेपासून गल्लीतल्या घराघरात भज्जीला फोडण्या पडून राहिल्या आहेत, आजच्या येळवशीच्या, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या कानोसा घेतोय. फट, फट, फटफटफट. मग एक खोकला. मग युसूफची शिवी.

पुण्या-मुंबईच्या लोकांना येळवस म्हणजे काय हे दर वर्षी सांगावं लागतं आणि मला दर वर्षी राग येतो. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातुरात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे शेतात. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपट घालायचं, आत पाच दगड मांडून त्यांना चुना फासायचा, ते पाच पांडव. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे, हिरव्या भाज्या-दाण्यांची भज्जी, तिळाची पोळी असं सगळं घेऊन जायचं. आंबील ज्या मडक्यातून न्यायची त्याला बिंदगं म्हणतात आणि बिंदगं डोक्यावरूनच न्यायचं असतं. पूजा करायची, आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची आणि मग दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. ओळख असायची गरज नाही. एवढं सोपं आहे, पण समजत नाही लोकांना.

आता सगळे चारचाकीतून जातात. गेल्या येळवशीला आमच्या शेजाऱ्यानं पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर बिंदगं ठेवलं आणि वर सीटबेल्ट बांधला. मी गॅलरीतून बघत होतो. बोलायचा मला अधिकार कुठाय? आम्ही तर बिंदगं फटफटीवरून नेलं होतं.

जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. उस्मानाबादेतून आम्ही निघालो म्हणजे थोरल्या भावाच्या घरातून वेगळी चूल मांडल्यासारखं झालं होतं. जो तो ताठ मानेनं चालायचा. सलूनवाला सुद्धा आरशाच्या वर ‘जिल्हा लातूर’ असं रंगवून मोकळा झाला होता. आणि नेमका त्याच सुमाराला पाऊस रुसला. विहिरी खरवडून झाल्या, बैलं छावणीत गेली, रस्त्यावर खडी फोडायला माणसं बसली. मान ताठ आणि घागर रिकामी, अशी आमची तऱ्हा होती. तरी सांगतो, त्या वर्षाइतका मी पुन्हा कधी हसलो नाही.

आम्ही चौघं होतो. शिवराज, ज्याचं घर गावाच्या कडेला आणि शेत नाल्यापलीकडं. मिलिंद, ज्याचे आईवडील त्या उन्हाळ्यात खडी फोडत होते आणि जो स्वतः नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून चिकटला होता. विजेच्या तारांत त्याचा हात बसायचा. युसूफ, चुलत्याच्या वेल्डिंगच्या दुकानात वाढलेला, तोंडाचा तिखट. आणि मी. माझं काम बोलणं. हसू नका, भंगारवाल्याशी बोलणं हे सगळ्यात अवघड काम असतं, हे त्या तिघांनी आजवर कबूल केलेलं नाही.

फटफटी जोडायचं ठरलं ते केवळ हौसेनं. नवी घ्यायची आमची ऐपत नव्हती आणि कुणाची मागून फिरवायची तर मालक मागं बसायचा. मग युसूफ म्हणाला, भंगारात पडलेल्या चार मेलेल्या गाड्यांतून एक जिती गाडी निघते. झालं. आम्ही सुट्टीच्या दिवशी एस्टीत बसून नांदेड जिल्हा पालथा घालू लागलो, कारण लातूरचं भंगार आधीच कुणी तरी नेलं होतं.

सांगाडा मिळाला कंधारला, किल्ल्याच्या बाजूला एका चिंचेखाली. त्याच्या दिव्याच्या वाटीत गवत घालून एक कोंबडी खुडूक बसली होती. घरधनीण म्हणाली, सांगाडा न्या, दिवा मिळायचा न्हाई, पिल्लं निघाल्यावर या. मी माझी सगळी वाणी खर्च केली. बाई हलली नाही, कोंबडीही हलली नाही. त्यामुळं आमची फटफटी दिवाळीपर्यंत आंधळी होती. इंजिन किनवटचं, जंगलाच्या एका ठेकेदारानं टाकून दिलेलं. ते पोत्यात घालून आम्ही रेल्वेनं आणलं, मांडीवर घेऊन. समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, पोतं गळून राहिलं, मटण हाय का? युसूफ म्हणाला, कलेजी आहे चचा. टाकी उमरीची, हिरवी, एका अंगानं चेपलेली. हाडं सगळी नांदेड जिल्ह्याची. तरीही पाटीवर नंबराच्या जागी मिलिंदनं सुबक अक्षरात रंगवलं, जिल्हा लातूर. कागदपत्रं विचारू नका. ती गाडी डांबरी रस्त्यावर कधी गेलीच नाही, एवढं सांगतो.

हा सगळा पसारा शिवराजच्या अंगणात मांडलेला असायचा आणि त्या अंगणाची मालकीण होती अव्वा. अव्वा म्हणजे शिवराजची आई. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि जिभेवर मिरची. अप्पा, म्हणजे शिवराजचे वडील, तो लहान असतानाच गेले होते. तेव्हा भावकीला वाटलं होतं, आता शेत बघणार कोण, बिंदगं उचलणार कोण. त्या घराण्यात बिंदगं कर्त्या पुरुषानं न्यायचं असा रिवाज. पहिल्याच येळवशीला अव्वानं कुणाला काही न विचारता ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. लोकांनी नाकं मुरडली. ती दर वर्षी नेत राहिली, लोक दर वर्षी मुरडत राहिले. पण शेत तिचं आहे, हे त्या एका बिंदग्यामुळं भावकीला मान्य करावं लागलं. सातबाऱ्याचं काय, तो चावडीत असतो. बिंदगं चारचौघांत दिसतं.

आमच्या पसाऱ्याला अव्वा रोज शिव्या घालायची. तिच्या पाटावर युसूफ नट-बोल्ट वाळत घालायचा आणि तिच्या परातीत आम्ही रॉकेलनं चेन धुतली होती. त्या परातीतल्या भाकरीला महिनाभर वास येत होता. ती म्हणायची, हे चालंल त्या दिशी मी त्याच्यावर बसून शेतात जाईन. हे चालणार नाही याची तिला खात्री होती म्हणून ती असं म्हणायची.

दसऱ्याच्या आसपास टँकरच्या झुंबडीत अव्वा पडली. खुब्याचं हाड मोडलं. बाजेवरच सारं. येळवस जवळ यायला लागली तशी ती टेकून बसू लागली, पण पाय टेकवायची सोय नव्हती. आणि एका सकाळी मल्लप्पाकाका आले. अव्वाचे दीर. माणूस वाईट नव्हता, हे आज मी म्हणू शकतो. तेव्हा आम्हाला तो कंसमामा वाटायचा. चहा पिऊन झाल्यावर ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, वहिनी, औंदा बिंदगं आमी उचलतो. तुमी कामून जिवाला तरास घेता?

अव्वा गप्प बसल्याचं आम्ही पहिल्यांदा बघितलं. एकदा बिंदगं त्या घरी गेलं की परत यायचं नाही, हे ती जाणत होती, काकाही जाणत होते आणि पान्हा हातात धरून उभे असलेले आम्ही चार रिकामटेकडे सुद्धा जाणत होतो. शिवराज पंचविशीचा, बिंदगं खरं त्यानं उचलायचं, पण काकासमोर त्याची मान वर होत नसे. काका उठता उठता म्हणाले, तुमाला यायचंच असलं तर बाजेसकट नेऊ, चौघं उचलतील.

तेव्हा मात्र अव्वाला कंठ फुटला. “चौघांनी उचलून शेतात न्यायचा दिवस येगळा असतो, भाऊजी. त्यो अजून यायचाय.”

काका गेले. अव्वानं भिंतीकडं तोंड केलं. बैलं छावणीत, म्हणून गाडी नाही. नाल्यापलीकडं नुसती गाडीवाट, तिथं दुसरं काही जात नाही. शिवराज अंगणात येऊन त्या हिरव्या टाकीवर हात ठेवून उभा राहिला. कुणी शपथ घेतली नाही की काही नाही. फक्त त्या दिवसापासून आमच्या गप्पा कमी झाल्या आणि हात जास्त चालायला लागले. बाई टांग टाकून बसू शकत नाही, तर तिला बसायला बाजूगाडी पाहिजे. युसूफनं सायकलचं एक चाक घेतलं, लोखंडी अँगल घेतले आणि फटफटीच्या डाव्या अंगाला एक पाळणा जोडला. पण त्यात बसायचं कशावर?

ते कोडं जिल्ह्यानं सोडवलं. नव्या कचेरीला नव्या खुर्च्या आल्या होत्या आणि जुन्यातल्या मोडक्या भंगारात निघाल्या होत्या. त्यांतली एक मिलिंदनं हेरून ठेवलेली. उंच पाठीची, हात असलेली, साहेबाची खुर्ची. एक पाय मोडका, पण आम्हाला पाय नकोच होते. पाय कापून ती पाळण्यात बसवली. अव्वाला बाजेवरून उचलून तिच्यात ठेवली तेव्हा तिनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले, इकडं तिकडं बघितलं आणि युसूफला म्हणाली, वाकून बोल, कलेक्टर बसलीय. त्या दिवसापासून तिच्या शिव्या परत सुरू झाल्या. आम्हाला हायसं वाटलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी फटफटी चालली. अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. अहाहा. काय ती धुराची रांग, काय तो आवाज, पोरं मागं, कुत्री पुढं. शिवराज तर आनंदानं बावचळला. हातात इंजिन ऑइलची बाटली होती, ती घेऊन त्यानं चेनला तेल घातलं, चाकांना घातलं, ब्रेकच्या पायाला घातलं, तेवढ्यानं मन भरेना म्हणून घराच्या दारांच्या बिजागऱ्यांनाही घातलं. बाटली रिकामी झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळेच नाचून राहिले होते.

आमचं इंजिन पेट्रोलमध्ये ऑइल मिसळल्याशिवाय चालणारं नव्हतं. नुसत्या पेट्रोलवर पळवलं तर आतलं आत घासून बसणार. आणि मिसळून ठेवलेलं सगळं आदल्या दिवशीच जळून गेलं होतं. हे सकाळी लक्षात आलं. सकाळी म्हणजे कधी, तर अव्वा नवं लुगडं नेसून कलेक्टरच्या खुर्चीत बसली आहे, पायाला पांघरूण, बिंदगं तयार, तेव्हा. युसूफनं बाटली उलटी केली, हलवली, आत बघितलं आणि शिवराजकडं बघितलं. त्यानं काय म्हटलं ते लिहिता येत नाही. मिलिंद सायकल घेऊन पळाला. परत आला तो हात हलवत. दुकानं बंद, पंप बंद, गॅरेज बंद. येळवस होती ना. अख्खं लातूर शेतात. ज्या सणासाठी चाललो होतो त्याच सणानं आम्हाला अडवलं होतं.

नाल्यापलीकडं काकांचं बिंदगं एव्हाना कोपीच्या वाटेला लागलं असणार. जे बिंदगं आधी कोपीत टेकतं त्याची पूजा, असा त्यांच्याकडला रिवाज. शिवराज रिकामी बाटली घेऊन पायरीवर बसला.

अव्वानं विचारलं, काय पायजे म्हणालात? तेल? तिनं शिवराजला बाजेखालचा डबा आणायला सांगितलं. करडईचं तेल. युसूफ कळवळून म्हणाला, अव्वा, ये खाने का तेल है. अव्वा म्हणाली, “घाण्यावरचं चोख तेल हाय. ह्याच्यावर माजी हाडं चालली इतकी वर्सं. तुमचं लोखंड का चालंना?”

याला युसूफकडं उत्तर होतं, पण वेळ नव्हता. आजकाल हे तेल घालायची कल्पना आपलीच होती असं शिवराज, मिलिंद आणि मी असे तिघंही सांगतो. युसूफ एकटा म्हणतो, मी नको म्हणालो होतो. खरं काय ते वर लिहिलं आहे. टाकीत करडई ओतली, गाडी हलवून हलवून मिसळली. शिवराजनं किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. मग युसूफनं त्याला बाजूला सारलं, बिस्मिल्ला म्हणाला, अव्वा तिकडं शिवा शिवा म्हणाली, आणि फटफटी धडधडली.

मिलिंदनं बिंदगं उचलून अव्वाच्या डोक्यावर ठेवलं. दारातली एक चुलती कुजबुजली, ह्याच्या हातानं कामून? अव्वानं मान न हलवता, कारण वर बिंदगं होतं, उत्तर दिलं. “टँकरपाशी मी पडले तवा उचलायला हाच हात आला होता. तवा तू कुठं होतीस?” चुलती आत गेली.

शिवराज चालवत होता. मी मागं बसून एक हात बिंदग्याला धरलेला. युसूफ आणि मिलिंद एका सायकलवर, पान्ह्यांची पिशवी घेऊन मागं. त्या वाटेवर दगड होते, खड्डे होते, वाळलेला नाला होता आणि प्रत्येक धक्क्याला आंबील माझ्या अंगावर सांडत होती. आणि तो धूर! पांढरा, जाड, आणि वास असा की कुणाच्या घरी भज्यांची कढई चढली असावी. ज्वारी गुडघ्याच्या वर नव्हती त्या वर्षी, रान उघडंबोडकं, तरी माणसं शेतात आली होती. ती उभी राहून नाकं वर करून बघत होती, भजी कोण तळून राहिलं म्हणून. आणि मग त्यांना दिसत होती धुरातून येणारी एक म्हातारी, साहेबाच्या खुर्चीत, डोक्यावर बिंदगं, मान ताठ. एकानं तर रुमाल काढून नमस्कार केला. अव्वानं खुर्चीच्या हातावरून चार बोटं उचलून तो घेतला. मी सांगतो, त्या वाटेवर आमच्या इतकं मोठं कुणी नव्हतं. दुष्काळ नाही, कुणी नाही.

शेतात पोचलो तेव्हा तुराट्यांची कोप उभी होती. कडबा सगळा छावणीला गेला होता, म्हणून तुराट्या. काका कोपीच्या तोंडाशी, डोक्यावर बिंदगं घेऊन, वाकायच्या बेतात. फटफटी ऐकून ते तसेच थांबले. शिवराजनं गाडी थेट कोपीला भिडवली. इंजिन बंद केलं तर केवढी शांतता पसरली. अव्वानं हातानं बिंदगं उतरवलं आणि बसल्या जागेवरून वाकून कोपीत टेकवलं. मग वर बघितलं.

“भाऊजी, तुमचंबी उतरवा आता. लई येळ डोक्यावर धरलं की मान दुखते.”

काकांनी आपलं बिंदगं उतरवलं आणि अव्वाच्या बिंदग्याच्या शेजारी, थोडं मागं, ठेवलं. थोडं मागं. ती टीचभर जागा मी अजून डोळ्यांनी बघू शकतो. शिवराजनं काकांकडं बघितलं, डोळ्याला डोळा भिडवून, आणि म्हणाला, काका, बसा जेवायला. त्याला पहिल्यांदाच मालकासारखं बोलताना आम्ही ऐकलं.

पूजा झाली. त्या भेगाळ रानात अव्वानं खुर्चीत बसून आंबील शिंपडली, शिवराज गाडी ढकलत तिला बांधाबांधानं फिरवत होता. मी मूर्खासारखं विचारलं, अव्वा, पिकलं तर काही नाही, मग पूजा कशाची? ती म्हणाली, लेकरू आजारी पडलं म्हणून त्याला उपाशी ठेवता का? मग मला उंडे वाढले, तोंड बंद राहावं म्हणून.

संध्याकाळी निघायच्या वेळी किक खालीच जाईना. युसूफनं कान लावला, जोर लावला आणि पान्ह्यांची पिशवी जमिनीवर आपटली. करडई आत आटून, चिकटून बसली होती. इंजिन मेलं. आमच्या मनात अंधार. अव्वाला आता न्यायची कशी? तेवढ्यात काकांनी धोतराचा काचा मारला. आपल्या दोन पोरांना खूण केली, स्वतः हँडलला हात घातला आणि ढकलायला लागले. नाल्याच्या चढाला सगळी भावकी मागून लागली. अव्वा वर बसलेली, डोक्यावर नुसता पदर. सकाळी जो मान घ्यायला आला होता, तोच तिला घरापर्यंत ढकलत आला. मध्येच ती म्हणाली, भाऊजी, दमला असाल तर थांबू. ते म्हणाले, गप बसा वहिनी. दोघंही हसले.

फटफटी परत कधी चालली नाही. युसूफनं ती उघडली तेव्हा पिस्टन लाखेत बुडवल्यासारखा चिकटलेला. हातोड्यानं ठोकून बाहेर काढला. टाकून देणार तोच अव्वानं मागून घेतला. आम्हाला वाटलं, खलबत्त्याला वापरेल. पुढं अव्वा काठी टेकत चालू लागली आणि अजून पुष्कळ वर्षं तिनंच बिंदगं नेलं. मग तिचा तो वेगळा दिवस आला. चौघांनी उचलून शेतात न्यायचा. ते चौघं आम्हीच होतो. लिंगायतांत बसवून नेतात, आणि बसवायला कुणी काही सुचवायच्या आत शिवराजनं माळ्यावरून ती खुर्ची काढली.

ऊन वर आलं आहे. आता आवरायला हवं, बायको दोनदा हाक मारून गेली. युसूफ आणि मिलिंद परस्पर पोचतील. शिवराजची नात बिंदगं उचलते आता, कॉलेजात आहे, कुणी नाक मुरडत नाही. शेतातल्या कोपीत पाच पांडव मांडलेले असतील. त्यांच्या शेजारी, थोडं पुढं, एक लोखंडी वाटोळा सहावा असतो. पहिल्यांदा अव्वानंच मांडलेला आणि तिनंच चुना फासलेला. गावचं नवं पोर दर वर्षी विचारतं, हा कोणता पांडव? आणि ती पोरगी त्याच्यावर आधी आंबील घालते आणि सांगते, हा आमच्या पणजीला घेऊन आलेला.